नव्या फिफ्थ-व्हीलची यादी: कारखान्यातून काय मागावं, नंतर काय बसवावं, काय खोडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासमधलं एक मराठी जोडपं वर्षभरात निवृत्त होणार आहे. घर विकून पूर्णवेळ ट्रेलरमध्ये राहायचा बेत आहे. 42 फुटी, महागड्या वर्गातली फिफ्थ-व्हील, कमाल वजन 18,000 पौंड. पुढच्या महिन्यात डीलरकडे ऑर्डर द्यायची आहे. जुन्या मालकांशी बोलून 'हे असतं तर बरं झालं असतं' अशा 31 गोष्टींची यादी तयार झाली आहे आणि विचारलंय की यातल्या कोणत्या कारखान्यातूनच करून घ्याव्यात?

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: फिफ्थ-व्हीलचं नाक पिकअप ट्रकच्या हौद्यावर चढतं आणि नाकाखालची किंगपिन हौद्यातल्या हिचमध्ये अडकते. मागे आकड्याला लटकणाऱ्या ट्रेलरपेक्षा हा प्रकार रस्त्यावर स्थिर चालतो, कारण भार ट्रकच्या मागच्या एक्सलवर किंवा त्याच्या किंचित पुढे पडतो. पण त्याचमुळे ट्रेलरच्या वजनाचा 20 ते 25 टक्के हिस्सा ट्रकच्या पाठीवर येतो. खालचं बरंचसं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरतं.

तुमची यादी मी दोनदा वाचली. 31 पैकी 19 कलमं डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींची आहेत: शेकोटी, झुलत्या खुर्च्या, बाहेरचा टीव्ही, ओट्याची दगडी फरशी, रंगीत दिवे. ट्रेलरच्या जमिनीखालची कलमं चारच. जे मालक दोन-तीन वर्षं राहून झालेत त्यांची यादी नेमकी उलटी असते. तेव्हा खरा प्रश्न 'काय चांगलं' हा नाही. कुठली गोष्ट नंतर करताच येत नाही, कुठली नंतर केली तर स्वस्त आणि चांगली होते, आणि कुठली मुळात नकोच, अशा तीन ढिगांत यादी वाटायची आहे.

तीन बाबींवर उत्तर बदलेल. वर्षातून किती वेळा जागा बदलणार? दर आठवड्याला हलणाऱ्याला चाकं-ब्रेक आधी, सहा-सहा महिने एका जागी राहणाऱ्याला गरमी-थंडी आधी. हिवाळा कुठे काढणार? दक्षिण टेक्सासात असाल तर मी खाली थंडीवर जे लिहिलंय त्यातलं निम्मं सोडून द्या. आणि वीज-पाणी जोडलेल्या जागेवरच राहणार की सरकारी मोकळ्या जमिनीवर सोलरच्या भरवशावर? प्रश्नात हे लिहिलेलं नाही, म्हणून मी 'महिन्यातून दोनदा हलणं, एखादा हिवाळा कोलोरॅडोसारख्या ठिकाणी, बहुतेक वेळ वीज-पाणी' असं धरून लिहितोय.

सगळ्यात आधी वजन, कारण यादीतली प्रत्येक वस्तू याच खात्यातून उचलली जाते. ट्रेलरच्या दाराजवळ पिवळं लेबल असतं. त्यावर सामानाचं वजन किती पौंडांच्या वर जाता कामा नये ते छापलेलं असतं. कारखान्याने बसवलेल्या गोष्टी त्यातून आधीच वजा झालेल्या असतात. समजा, रिकामं वजन 15,200 आहे, तर तुमच्या वाट्याला 2,800 पौंड उरले. 100 गॅलन पाण्याची टाकी भरली की 830 पौंड गेले, कारण एक गॅलन पाणी 8.3 पौंडांचं. उरले 1,970. आता त्यात दोन माणसांचे कपडे, भांडी, कुकर, पुस्तकं, अवजारं, खुर्च्या, बॅटऱ्या, जनरेटर. पूर्णवेळ राहणाऱ्यांचं सामान 2,000 पौंडांच्या आत बसवायला शिस्त लागते. डीलरकडून छापील माहितीपत्रकातला आकडा घेऊ नका, कारण तो बहुधा कोरड्या, पर्याय न लावलेल्या ट्रेलरचा असतो. तुमच्याच पर्यायांसह बनलेल्या एखाद्या ट्रेलरच्या लेबलचा फोटो मागा. हाताशी राहणारं वजन 3,000 च्या खाली जात असेल तर आधी यादी कापा किंवा वरच्या क्षमतेचा ट्रेलर बघा.

ट्रकचंही याच बैठकीत उरकून घ्या. 18,000 चे 22 टक्के म्हणजे 3,960 पौंड पिनवर. हिचचे दीडशे-दोनशे, तुम्ही दोघं, डिझेल टाकीजवळचा टूलबॉक्स, सगळं धरून साडेचार हजार. मागे एकेक चाक असलेला 'वन-टन' (जड वर्गातला) डिझेल पिकअप ट्रक इथे बहुतेक वेळा कमी पडतो, मागे जोडचाकं असलेला 'ड्यूअली' लागतो. ट्रकच्या चालकाच्या दारावर पेलोडचा, म्हणजे ट्रक पाठीवर किती पेलतो त्याचा आकडा असतो, तोच खरा. 'ओढेल की आरामात' हे सेल्समनचं वाक्य ओढण्याबद्दलचं आहे. पेलण्याबद्दल तो बोलतच नाही.

आता पहिला ढीग, म्हणजे कारखान्यातूनच घ्यायच्या गोष्टी. त्यात पहिलं नाव चाकांचं आणि एक्सलचं. 18,000 च्या ट्रेलरला कित्येकदा 7,000 पौंडांचे दोन एक्सल दिलेले असतात. हिशेब असा जुळवलेला असतो: एक्सलवर 14,000, पिनवर 4,000, झाले 18,000. कागदावर काट्यावर काटा. त्याला 16 इंची 'ई' रेंजचे (रेंज म्हणजे टायर किती भार पेलतो त्याची श्रेणी) टायर लावले तर एका टायरची क्षमता 80 पीएसआयला 3,520 पौंडांच्या आसपास, म्हणजे चार टायर मिळून 14,080. एकूण शिल्लक 80 पौंड! उन्हाळ्यात ॲरिझोनाच्या रस्त्यावर हवा पाच पीएसआय कमी असली तरी ही शिल्लक संपते आणि टायर फुटू शकतो. फिफ्थ-व्हीलचा टायर फुटला की तो नुसता बसत नाही. त्याचा पट्टा चाबकासारखा फिरून चाकावरचा फायबरग्लास, खालची गॅसची नळी, वायरिंग, सगळं फाडून काढतो.

म्हणून मागा: 8,000 पौंडांचे एक्सल आणि 'जी' रेंजचे टायर. 'जी' रेंजचा त्याच मापाचा टायर 110 पीएसआयला 4,400 पौंड घेतो, चारांचे 17,600. मात्र रिमवर कोरलेली कमाल क्षमता आणि कमाल दाबही बघा. 80 पीएसआयच्या रिममध्ये 110 भरणं म्हणजे दुखणं एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. एक्सल नंतर बदलता येतात, पण त्यामुळे ट्रेलरची कमाल क्षमता कागदावर वाढत नाही. ती कारखान्याने लेबलवर छापलेलीच राहते. टायर घेताना बाजूवरचा 'डॉट' क्रमांक वाचा. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. 1425 म्हणजे 2025 चा चौदावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजायच्या आधी म्हाताऱ्यासारखे सुकून जातात, तेव्हा पाच-सहा वर्षांनी नक्षी कितीही छान दिसली तरी बदला.

सस्पेन्शनमधली एक बारीक गोष्ट जवळून दाखवतो, कारण ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांना जिथे बोल्ट जातो तिथे स्वस्तात प्लॅस्टिकचे बुश (बोल्टभोवतीच्या छोट्या नळ्या) घातलेले असतात. काही हजार मैलांत ते झिजून जातात, मग बोल्ट थेट लोखंडावर घासतो, शॅकलचं (पाट्यांना जोडणाऱ्या पट्टीचं) गोल भोक अंडाकृती होतं आणि एक दिवस एक्सल तिरका धावायला लागतो. टायर एका कडेने खाल्लेला दिसला तर आधी इथे बघा. उपाय म्हणजे 'वेट बोल्ट' किट: पितळी बुश, जाड शॅकल आणि डोक्यात ग्रीस निपल असलेले बोल्ट. ऑर्डरमध्ये मिळत असेल तर घ्याच, नाहीतर पहिल्या वर्षात बसवा. बसवताना दोन चुका हमखास होतात. या बोल्टच्या मानेवर दाते असतात, ते हँगरच्या (फ्रेमला जोडलेल्या धारकाच्या) भोकात रुतून बसायला हवेत. कारागीर बोल्टचं डोकं पान्याने फिरवतो, दाते भोक खरवडून मोठं करतात आणि बोल्ट कायमचा सैल होतो. फिरवायचं ते फक्त नटाला. दुसरी चूक अशी की ग्रीस बाहेर येण्याचं छिद्र वर किंवा खाली ठेवलं जातं. तिथे सगळा भार असतो, ग्रीस जातच नाही. छिद्र घड्याळाच्या तीन किंवा नऊच्या बाजूला हवं. तरीही ग्रीस जात नसेल तर फ्रेमला जॅक लावून चाकावरचा भार उतरवा आणि मग भरा. मधल्या इक्वलायझरच्या (दोन एक्सलमध्ये भार वाटणाऱ्या तुकड्याच्या) जागी रबरी धक्काशोषक बसवला की आतल्या कपाटांचे स्क्रू निघण्याचं प्रमाणही कमी होतं. हे नंतरही करता येतं, एका दिवसाचं काम.

ब्रेक: डिस्क घ्या. सर्वसाधारणपणे मिळतात ते इलेक्ट्रिक ड्रम, ज्यांच्या वायर कधीकधी एक्सलच्या नळीतून जातात, आत घासून उघड्या पडतात आणि एका बाजूचे ब्रेक गुपचूप मरतात. 18,000 पौंड घाटातून उतरवताना हा फरक समजतो. डिस्कसाठी ट्रेलरवर एक हायड्रॉलिक पंप बसतो, जो ट्रकच्या इलेक्ट्रिक इशाऱ्यावर साधारण 1,600 पीएसआयचा दाब देतो. त्याला बॅटरीतून थेट जाड वायर हवी. बारीक वायर दिली तर व्होल्टेज पडतं आणि ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागतात. ट्रकच्या ब्रेक कंट्रोलरमध्ये प्रकार 'इलेक्ट्रिक ओव्हर हायड्रॉलिक' निवडायला विसरू नका. 'डिस्क घेतले आणि ब्रेकच लागत नाहीत' म्हणून येणाऱ्या ट्रेलरमध्ये तपासायची पहिली जागा हीच. ट्रेलर सहा महिने उभा असेल तर कॅलिपरच्या (डिस्कला दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना गंजून अडकतात, निघण्याआधी चाकं उचलून हाताने फिरवून बघा.

फ्रेमबद्दल: फिफ्थ-व्हीलचं नाक अधांतरी असतं आणि त्यातच तुमची बेडरूम, कपाट, वॉशिंग मशीन असतं. प्रत्येक खड्ड्याला पिन वर-खाली होते आणि तो हेलकावा नाकाच्या सांध्यात जातो. सांधा कमकुवत असला की लक्षणं ठरलेली: नाकाच्या फायबरग्लास टोपीची आणि बाजूच्या भिंतीची शिवण उघडते, बेडरूमच्या स्लाइडच्या (भिंतीसकट बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या) कोपऱ्यातून तिरकी चीर जाते, भिंतीवर हात फिरवला तर फुगवटा लागतो. हे नंतर दुरुस्त करायचं तर नाकाची कातडी सोलावी लागते. तेव्हा ऑर्डरच्या आधी डीलरच्या आवारातला त्याच मॉडेलचा दोन-तीन वर्षं वापरलेला ट्रेलर मागून बघा आणि या तीन जागा बोटाने चाचपून या. धक्के शोषणारी रबरी किंवा हवेची पिनबॉक्स (किंगपिन धरणारी पेटी) चांगली गुंतवणूक आहे, ती नंतर लावली तरी चालते. गूसनेकचा (हौद्यातल्या गोळ्याला जोडायचा) लांब दांडा लावायचा मोह मात्र आवरा. त्याने नाकावरचा पिळा वाढतो आणि काही फ्रेम बनवणारे वॉरंटी नाकारतात.

आता पोट. सगळ्या टाक्या, नळ्या, सांडपाणी सोडायच्या डंप व्हॉल्व्हच्या केबल, गरम हवेच्या नळ्या फ्रेमच्या आत असतात आणि खालून पन्हाळी प्लॅस्टिकचा एक पत्रा स्क्रूने ठोकलेला असतो. जुन्या मालकांची माझ्या मते सर्वांत न्याय्य मागणी ही की हा पत्रा 42 फुटी अखंड नको, तुकड्यांत हवा. एक थेंब गळती शोधायला आज पत्रा कापावा लागतो, मग तो टेपने चिकटवला जातो आणि पुढच्या पावसात लोंबतो. तुकड्यांत आणि बोल्टने बसवलेला पत्रा देणारे बनवणारे आहेत, विचारा. त्याच वेळी टाक्या कशावर टेकल्यात तेही विचारा. 830 पौंडांची पाण्याची टाकी दोन बारीक अँगलवर ठेवलेली असेल तर भरून प्रवास करू नका. खाली लोखंडी पाळणा हवा.

थंडीसाठी विकला जाणारा 'चारही ऋतूंचा पॅकेज' हा शब्द आहे, प्रमाण नाही. प्रत्येक कंपनी तो आपापल्या मापाने वापरते. छताला आर-38 (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप) लिहिलंय आणि छत जेमतेम वीतभर जाड आहे, असं दिसलं की थांबून विचारा. काचलोकर इंचाला साधारण आर-3.5 देते, दाट फोम आर-5. वर लावलेली चमकती पन्नी मोजून आकडा फुगवलेला असतो. पन्नीला समोर हवेची पोकळी असेल तरच ती काम करते, दाबून बसवली तर नुसती पन्नी. खरी गळती खिडक्यांतून आणि स्लाइडच्या जमिनीतून होते. एकेरी काच आर-1, दुहेरी साधारण आर-2. दुहेरी काचा कारखान्यातूनच घ्या, नंतर बदलायला प्रत्येक खिडकी काढावी लागते.

शेकोटीचं इथेच सांगतो, कारण तुमच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर आहे. 1,500 वॉटची इलेक्ट्रिक शेकोटी तासाला साधारण 5,000 बीटीयू (उष्णतेचं माप) देते. बैठक छान उबदार होते. थर्मोस्टॅटही बैठकीतच असतो. त्याला वाटतं घर गरम आहे, मग तो गॅसची भट्टी पेटवतच नाही. पण पोटाला गरमी फक्त त्या भट्टीच्या नळीतूनच जाते! बाहेर शून्याखाली दहा, आत तुम्ही स्वेटर काढून बसलेले, आणि खाली पाण्याची नळी गोठून फुटलेली. शेकोटी ठेवायची तर ठेवा, पण पोटात एक बिनतारी थर्मामीटर टाका आणि तिथलं तापमान चार-पाच अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की शेकोटी बंद करून भट्टी चालू द्या. भट्टीचा गॅसही मोजून ठेवा: 30 पौंडी सिलिंडरमध्ये सात गॅलन प्रोपेन, गॅलनमागे 91,500 बीटीयू. 40,000 बीटीयूची भट्टी सलग चालली तर सोळा तासांत सिलिंडर रिकामा. हिवाळा एका जागी काढणार असाल तर बाहेरून मोठा सिलिंडर जोडायची सोय मागा.

छप्पर: एकसंध प्लॅस्टिकच्या पडद्याचं, पीव्हीसी किंवा टीपीओ, खाली चालता येईल इतकं जाड प्लाय. कुठल्या छतावर कुठलं सीलंट चालतं ते छत बनवणाऱ्याच्या कागदावर बघा, कारण सगळी सीलंट सगळ्या पडद्यांना चिकटत नाहीत. छतावर जितकी भोकं कमी तितकं आयुष्य जास्त, म्हणून सोलरच्या पट्ट्या, अँटेना, पंखे यांच्या जागा एकदाच ठरवा. दर तीन महिन्यांनी वर चढून प्रत्येक भोकाभोवतीचं सीलंट बघायचं आहे. भेग नखाएवढी असली तरी खाली प्लाय कुजायला पुरते. पन्हाळाची टोकं आखूड असतात, त्यामुळे भिंतीवर काळे ओघळ उतरतात. लांब तोट्या दहा डॉलरच्या, स्वतः लावा.

आता स्लाइड. फ्रिज-ओटा असलेल्या जड स्लाइडला दाते-पट्टीची हायड्रॉलिक यंत्रणा हवी. भिंतीतल्या दोन बारीक मोटरींची यंत्रणा हलक्या बेडरूमच्या स्लाइडला ठीक, जड स्लाइडला नको, कारण दोन्ही मोटरी एकमेकींपासून पुढे-मागे झाल्या की खोली तिरकी अडकते. आणि डीलरकडे हे नक्की करा: सगळ्या स्लाइड आत घेऊन आत शिरा. फ्रिज उघडतो का? संडासात जाता येतं का? पलंगावर आडवं होता येतं का? हायवेवर जेवायला थांबल्यावर याचं उत्तर 'नाही' निघालं तर रोजची चिडचिड ठरलेली. स्लाइड हाताने आत घ्यायची वेळ आली तर व्हॉल्व्ह कुठे आहे, ते विक्रीआधी डीलरकडूनच दाखवून घ्या.

वीज. 50 अँपिअरची जोडणी म्हणजे 120 व्होल्टचे दोन पाय (दोन वेगळ्या लाइनी), प्रत्येकी 50 अँपिअर, एकूण 12,000 वॉट. 30 अँपिअरमध्ये फक्त 3,600. तीन एसी, इलेक्ट्रिक हीटर आणि मिक्सर, सगळं सुखाने चालायचं तर 50 च. यात घातक प्रकार एकच: मुक्कामाच्या तळावरच्या विजेच्या खांबावरचा न्यूट्रल (परतीची तार) सुटला की दोन पायांमधले 240 व्होल्ट वाटेल तसे विभागले जातात, एका बाजूला 80, दुसऱ्या बाजूला 160. टीव्ही, फ्रिजचा बोर्ड, मायक्रोवेव्ह एका क्षणात जातात. नुसता सर्ज प्रोटेक्टर हे थांबवत नाही. व्होल्टेज 104 च्या खाली किंवा 132 च्या वर गेलं की लाइन तोडणारी यंत्रणा हवी आणि ती आत, तारेत बसवलेली हवी, म्हणजे कोणी खांबावरून उचलून नेणार नाही.

सोलर आणि लिथियम बॅटऱ्या दुसऱ्या ढिगात टाका, म्हणजे नंतर बसवायच्या. कारखान्याचं सोलर पॅकेज बहुधा लहान आणि महाग पडतं. पण कारखान्याकडून तीन गोष्टी नक्की घ्या: छतापासून बॅटरीच्या कप्प्यापर्यंत दीड इंची रिकामी नळी, आत वायर ओढायची दोरी घालून, लिथियमसाठी बदलता येणारा चार्जर, आणि इन्व्हर्टरवर कोणते प्लग चालतील याचा लेखी तक्ता. 'इन्व्हर्टर आहे' म्हणतात आणि त्यावर फक्त फ्रिज असतो, असं वारंवार दिसतं. 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे 1,280 वॉट-अवर. घरगुती फ्रिज दिवसाला साधारण दीड किलोवॉट-अवर खातो, वर इन्व्हर्टरचं स्वतःचं खाणं. म्हणजे नुसत्या फ्रिजसाठी एक बॅटरी पुरत नाही, चार असल्या तर एक-दोन दिवस निवांत. 3,000 वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला 12 व्होल्टवर 250 अँपिअरच्या वर ओढतो. त्याला 4/0 जाडीची केबल आणि बॅटरीजवळच क्लास-टी फ्यूज. साधा फ्यूज लिथियमच्या शॉर्ट-सर्किटचा करंट तोडू शकत नाही, आतल्या आत ठिणगी चालूच राहते. लिथियम शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायची नसते, तेव्हा ती नाकाच्या उघड्या कप्प्यात नको.

इथवरचं दोन ओळींत: एक्सल, टायर, डिस्क, नाकाचा सांधा, पोटाचे तुकडे, दुहेरी काचा, हायड्रॉलिक स्लाइड, रिकामी नळी, हे आत्ता. बॅटऱ्या, सोलर, पिनबॉक्स आणि ऑर्डरमध्ये मिळाले नसतील तर वेट बोल्ट, हे राहायला लागल्यावर.

पाण्याचं लवकर आवरतो. कॅम्पच्या नळाला कधीकधी 80-100 पीएसआय दाब असतो. 45-55 चा रेग्युलेटर नळाजवळ लावा, ट्रेलरजवळ नको, म्हणजे पाइपही वाचतो. प्रत्येक नळाखाली स्वतंत्र कॉक मागा. दीड बाथरूमच्या मॉडेलमध्ये सांडपाण्याच्या टाक्यांची तोंडं दोन ठिकाणी असतात, एक मागे, एक मध्ये. दर चार दिवसांनी पाइप घेऊन फिरायचं नसेल तर सगळी तोंडं एका जागी आहेत का ते आराखड्यात बघा. टाकीच्या आतले खिळ्याचे सेन्सर महिन्याभरात खोटं बोलायला लागतात. बाहेरून चिकटणारे घ्या.

जेट स्प्रेचं तुम्ही थोडं संकोचून विचारलंय, पण ते यादीतलं सगळ्यात शहाणं कलम आहे. हँडस्प्रे जोडलेले आरव्हीचे (फिरत्या घरांचे) कमोड तयार मिळतात, उलटं पाणी शिरू नये म्हणून त्यात सोय असते. मैल्याच्या टाकीला पाणी जास्त गेलेलं चांगलंच. कमी पाण्याने खाली ढीग साचतो, तो नंतर सुटत नाही. टाकी लवकर भरेल एवढाच तोटा. स्प्रेच्या मागे कॉक हवाच. दाबाखाली राहिलेला स्वस्त स्प्रे प्रवासात फुटला तर जमीन फुगते.

स्वयंपाकघरात तुमच्यासाठी महत्त्वाचं एकच: चुलीवरचं धुरांडं बाहेर हवा टाकतं का? बऱ्याच ठिकाणी ते जाळीतून हवा परत तुमच्याच तोंडावर सोडतं. मिरचीची फोडणी पडली की धुराचा अलार्म, खोकला आणि पडद्याला आठवडाभर वास. बाहेर टाकणारं मागा. आणि ते असलं तरी बाहेरच्या भिंतीवरच्या झडपेला दोन छोट्या खिट्ट्या असतात, प्रवासात ती वाजू नये म्हणून. त्या उघडल्याशिवाय पंखा कितीही घोंघावला तरी हवा जात नाही. भारतातला 230 व्होल्टचा मिक्सर नेऊ नका, इथला 110 व्होल्टचा मिळतो.

तिसरा ढीग, खोडायचा: बाहेरचं स्वयंपाकघर (वजन आणि उंदरांना दार), मध्यवर्ती व्हॅक्यूम, दुसरा आणि तिसरा टीव्ही, फक्त मोबाइलवर चालणारी नियंत्रणं. शेवटचं जरा जोर देऊन सांगतो. स्लाइड आणि जॅकला भिंतीवर खरं बटण हवं, ॲप जादा म्हणून चालेल. सामानाच्या दारांची कुलपं मात्र यादीत घाला. अमेरिकेतल्या असंख्य ट्रेलरांना सीएच-751 ही एकच किल्ली लागते. शेजाऱ्याच्या किल्लीने तुमचा कप्पा उघडतो.

सही करण्याआधी काही गोष्टी. वॉरंटीत पूर्णवेळ राहणं वगळलंय का ते वाचा, बऱ्याच ठिकाणी वगळलेलं असतं. विमाही पूर्णवेळ राहणाऱ्यांचा वेगळा मिळतो. टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलरची मिळून क्षमता 26,000 पौंडांच्या वर आणि ट्रेलर 10,000 च्या वर असेल तर अव्यावसायिक क्लास-ए परवाना लागतो. तुमची ट्रक-ट्रेलरची जोडी त्यात बसते. उंची सगळ्यात वरच्या टोकापासून स्वतः मोजा, पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत मर्यादा 13 फूट 6 इंच आहे. आणि डीलर जे तोंडी 'करून देऊ' म्हणतो ते ऑर्डरच्या कागदावर उतरवा.

ताबा घेताना दोन तास पुरत नाहीत, पूर्ण दिवस ठेवा. पाण्याची टाकी काठोकाठ भरा, सगळे नळ चालवा, मग नळ बंद करून पंप तासभर चालू ठेवा. मध्येच पंप आपोआप गुरगुरला तर कुठेतरी गळती आहे. गॅसची दाब-चाचणी समोर करून घ्या: 8 इंच पाण्याच्या दाबाला तीन मिनिटं काटा हलता कामा नये. तिन्ही एसी एकत्र चालवा. चाकांचे नट 10, 25 आणि 50 मैलांवर पुन्हा कसा. पहिल्या तीन रात्री डीलरपासून अर्ध्या तासाच्या आतल्या कॅम्पवर काढा, घराच्या किल्ल्या त्यानंतर द्या. सगळं सामान भरल्यावर ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जा: ट्रकची पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. मग ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकचं वजन. जोडलेल्या ट्रकमधून सुटा ट्रक वजा केला की पिनचं खरं वजन हातात येतं.

राहिलं देवघर. तुम्ही बैठकीच्या स्लाइडच्या भिंतीवर दाखवलंय. भिंत म्हणजे फोमला चिकटवलेला पातळ लुआन प्लाय. स्क्रू त्यात आज घट्ट वाटतो, पाचशे मैलांनी देवघर ओट्यावर असतं. कारखान्याला सांगा की त्या जागी, टीव्हीमागे आणि न्हाणीतल्या आधाराच्या दांड्यांमागे भिंतीच्या आत लाकडी पाटी घालून द्या. भिंत चिकटवायच्या आधी सांगितलं तर फळीचा खर्च नगण्य. आणि पाटी नेमकी कुठे आहे ते भिंत बंद होण्याआधी टेपने मोजून फोटो काढायला लावा, दाराच्या चौकटीपासून इंचात.